सोल-पॉपचे ‘बेस्ट ऑफ’ संग्रह: कुठला घ्यावा, अस्सल ध्वनिमुद्रण कसं ओळखावं?

तबकडीप्रेमी (धागाकर्ता)

‘बेस्ट ऑफ’ म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. दर्दी माणूस म्हणे अख्खा अल्बम ऐकतो, संग्रह म्हणजे आयतं वाढलेलं ताट. रॉकबद्दल हे काही अंशी पटतं. साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल (कृष्णवर्णीयांचं, गॉस्पेल-ब्लूजमधून आलेलं संगीत) आणि पॉपला मात्र हा नियम लावला की सगळं उलटंपालटं होतं. तिथे मूळ माल म्हणजे सात इंची सिंगल, बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी. एलपी (अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी) यायची नंतर, आणि तीत दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड, बरेचदा दुसऱ्यांचीच गाजलेली गाणी पुन्हा गायलेली. त्यामुळे सिंगल्सचा नीट केलेला संग्रह हीच त्या संगीताची खरी मांडणी, असं माझं म्हणणं आहे.

मोटाऊन या कंपनीचं उदाहरण घ्या. बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांच्या सामायिक बचतीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी काढली. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं २६४८ क्रमांकाचं घर हाच स्टुडिओ, हेच ऑफिस. शुक्रवारी बैठक, आठवड्यातल्या ध्वनिमुद्रणांवर मतदान, आणि एकच कसोटी: मोटारीतल्या छोट्या स्पीकरवर, एएम रेडिओच्या खरखरीत हे गाणं पहिल्या दहा सेकंदांत माणसाला धरून ठेवतं का? लांबी पावणेतीन मिनिटांच्या आसपास. अशा चाळणीतून उतरलेली वीस गाणी ओळीने लावली तर त्यांची आंबट-गोड भेळ होत नाही, कारण प्रत्येक गाणं स्वतंत्र उभं राहायलाच घडवलेलं आहे.

तेव्हा ‘संग्रह ऐकावा का’ हा वाद इथे नको. प्रश्न दुसरे आहेत: बाजारात शेकडो संग्रह आहेत, त्यातला कुठला धड? गाणं तेच पण आवाज वेगळा, असं का होतं? स्वतः संग्रह जमवायचा तर कसा? माहीतगारांनी लिहावं.

मंद्रसप्तक

टिकण्याचं कारण गाण्यांच्या बांधणीत आहे, नुसत्या स्मरणरंजनात नाही. मोटाऊनच्या टेम्प्टेशन्स या गटाचं ‘माय गर्ल’ (१९६४) घ्या. सुरुवातीला जेम्स जेमरसनचा बास, त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटार जी सुरावट चढते ती आहे सा रे ग प ध सां. म्हणजे सरळ भूपाचा आरोह. कॉर्ड बदलला की तीच सुरावट मध्यमाला षड्ज मानून पुन्हा चढते. पुढे तंतुवाद्यांचा तुकडा येतो आणि गाण्याचा षड्जच एक पूर्ण स्वर वर जातो. दोन-पावणेतीन मिनिटांत एवढं सगळं, आणि कुठे गर्दी नाही.

दोन शहरांच्या ठेक्यातला फरक कानाला लागला की संग्रह ऐकण्याची मजा दुप्पट होते. डेट्रॉइटमध्ये साठच्या दशकाच्या मध्यावर मोटाऊनच्या बऱ्याच गाण्यांत स्नेअर (ड्रमसंचातला करकरीत आवाजाचा ड्रम) चारही मात्रांवर पडतो, वर खंजिरी. म्हणून फोर टॉप्स किंवा सुप्रीम्स लागलं की पाय आपोआप हलतो. मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि तोही किंचित मागे रेलून. विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’मध्ये (१९६५) अल जॅक्सनचा ड्रम आणि स्टीव्ह क्रॉपरची गिटार मुद्दाम तो केसभर उशीर करतात. आपल्याकडे तबलजी ‘लय धरून मागे बसतो’ म्हणतात तसलाच प्रकार. स्टॅक्समध्ये मागे गाणाऱ्या बायकांचा ताफा कमी, ते काम ट्रम्पेट-सॅक्सोफोन करतात. स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं जुनं थिएटर, जमीन पडद्याकडे उतरती तशीच ठेवलेली. भिंती समांतर, जमीन तिरकी, त्यामुळे आवाज वेगळा घुमतो.

जेमरसन बास वाजवायचा उजव्या हाताच्या एका बोटाने. तारा सपाट गुंडाळीच्या, तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. म्हणून तो गोल, दबका, ढोलकाच्या धुमासारखा आवाज. मोटाऊनच्या स्टुडिओतल्या या वादक मंडळींची, म्हणजे फंक ब्रदर्सची, नावं कव्हरवर यायला १९७१ उजाडलं, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोवर लाखो तबकड्या खपल्या होत्या आणि वाजवणारे अनामिक!

हापूस_पायरी

मंद्रभाऊ, भूप वाचून लगेच लावून बघितलं. खरंच की!

एक बाळबोध शंका. माझ्याकडच्या तीन सीड्यांच्या स्वस्त संचात हेच गायक, हीच गाणी आहेत, पण कुठेतरी बिनसलेलं वाटतं. आवाज म्हातारा, वाद्यं चकचकीत. कव्हरवर तर ‘ओरिजिनल आर्टिस्ट्स’ लिहिलंय.

टेपरेकॉर्डर

हापूस, ‘ओरिजिनल आर्टिस्ट’ आणि ‘ओरिजिनल रेकॉर्डिंग’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो छापणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. मूळ टेपची मालकी कंपनीची. गायकाचा करार संपला आणि बंदीची मुदत (साधारण ५ वर्षं) सरली की तो तेच गाणं दुसऱ्यासाठी नव्याने गाऊ शकतो. ऐंशीच्या दशकात अशी पुनर्ध्वनिमुद्रणं घाऊक झाली: सिंथसायझर, डबा वाजावा तसा ड्रम, आणि वीस वर्षांनी जाड झालेला गळा. ती मुद्रणं स्वस्तात परवाना मिळतो म्हणून अशा संचांत जातात.

ओळखायचं कसं? मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘री-रेकॉर्डेड’ किंवा ‘न्यू स्टिरिओ रेकॉर्डिंग्ज’ शोधा. मग वर्तुळातला ‘पी’ बघा. तो ध्वनिमुद्रणाचा हक्क सांगतो, वर्तुळातला ‘सी’ कव्हर-मजकुराचा. अख्ख्या संचाला एकच ‘पी’ असेल तर पुरावा अर्धवट, कारण संकलन करणारी कंपनी स्वतःचं वर्ष टाकते. प्रत्येक गाण्यापुढे ‘१९६७ अटलांटिक’सारखी स्वतंत्र ओळ असेल तर माल बहुधा खरा. स्ट्रीमिंगवर गाण्याच्या क्रेडिटमध्ये किंवा पानाच्या तळाशी ही ओळ असते.

लांबी जुळवून बघणं ही दुसरी कसोटी. अस्सल मुद्रण सिंगलच्या वेळेशी दोन-तीन सेकंदांत जुळतं. पण सिंगलच्या लेबलवर आंधळा विश्वास नको. रायचस ब्रदर्सच्या ‘यू’व्ह लॉस्ट दॅट लव्हिन’ फीलिन’वर (१९६४) निर्माता फिल स्पेक्टरने वेळ छापली ३:०५, गाणं आहे पावणेचार मिनिटांचं. लांब गाणी रेडिओवाले लावत नसत, म्हणून ही चलाखी!

काही गाण्यांना तर बराच काळ पर्यायच नव्हता. चबी चेकरचं ‘द ट्विस्ट’ (१९६०) ज्या कॅमिओ-पार्कवे कंपनीचं, तिच्या टेप ॲबको कंपनीने सीडीवर अधिकृतपणे आणल्या त्या थेट २००५ साली. त्याआधीच्या स्वस्त सीडीवर ‘ट्विस्ट’ दिसलं तर ते दुसऱ्यांदा गायलेलं किंवा चोरून घेतलेलं, असंच धरून चाला.

तबकडीप्रेमी

टेप, उत्तम. हक्कांची वाटणी कुठे कशी झालीय तेही सविस्तर लिहा ना. ‘याच्या संग्रहात ते एक गाणं का नाही’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी तिथेच सापडतं.

टेपरेकॉर्डर

लिहितो. संग्रह घेण्याआधी गायक कुठल्या वर्षी कुठल्या कंपनीत होता एवढं पाहिलं तरी निम्मे पैसे वाचतात.

अरीथा फ्रँकलिन १९६६पर्यंत कोलंबियात, तिथे जॅझ-छाप आणि नाटकातली गाणी जास्त. ‘रिस्पेक्ट’ १९६७चं, अटलांटिकचं. नुसतं नाव बघून कोलंबियाचा संग्रह उचलला तर ‘रिस्पेक्ट’ नाही म्हणून कपाळावर हात मारायची वेळ. ग्लॅडिस नाइट १९७३पर्यंत मोटाऊन, मग बुद्धा रेकॉर्ड्स. म्हणून मोटाऊनच्या संचात ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ मिळेल, ‘मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया’ मिळणार नाही. जॅक्सन फाइव्ह १९७५नंतर एपिकमध्ये गेले, आणि नाव मोटाऊनकडे राहिल्यामुळे ‘जॅक्सन्स’ झाले. आयझली ब्रदर्स तर तीन घरचे पाहुणे: ‘ट्विस्ट अँड शाउट’ (१९६२) वाँड, ‘धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन’ (१९६६) मोटाऊन, ‘इट्स युअर थिंग’ (१९६९) त्यांची स्वतःची टी-नेक. सॅम कुक: ‘यू सेंड मी’ (१९५७) कीनकडे, मग आरसीए, आणि पुढे काही भाग ॲबकोकडे. २००३ साली ॲबकोने ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेजंड’ काढलं तेव्हा तिन्ही काळ एका तबकडीवर आले. त्याच्यासाठी तेच घ्या.

सगळ्यात दुखरी गोष्ट स्टॅक्सची. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांच्या आडनावांतली दोन-दोन अक्षरं म्हणजे स्टॅक्स. वितरण अटलांटिककडे. १९६५च्या करारात एक कलम असं होतं की वितरणासाठी दिलेल्या मूळ टेपची मालकीच अटलांटिककडे जात होती. अटलांटिक वॉर्नरला विकली गेल्यावर, १९६८ साली फारकत घ्यायची वेळ आली तेव्हा हे स्टॅक्सच्या लक्षात आलं. तोवरचं सगळं गेलं. सॅम अँड डेव्ह ही गायकजोडी तर मुळात अटलांटिककडून उसनेच घेतलेले, तेही परत. म्हणून आजही मे १९६८ ही रेघ आहे: तिच्या अलीकडचं वॉर्नर-ऱ्हायनोकडे, पलीकडचं आधी फँटसीकडे आणि २००४पासून कॉनकॉर्डकडे. स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ला विमान अपघातात गेला. ‘डॉक ऑफ द बे’ जानेवारी १९६८चं, म्हणजे रेघेच्या अलीकडे. आयझॅक हेज, स्टेपल सिंगर्स यांचं गाजलेलं काम पलीकडे. परवाने घेऊन दोन्ही बाजू एकत्र करणारे संचही आलेत, पण ‘स्टॅक्स हिट्स’ असं कव्हर दिसलं की आधी ओटिस आहे का बघा. नसेल तर तो रेघेपलीकडचा संच.

आता सार्वजनिक मालकीचा मुद्दा. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांचं होतं, २०१३ साली ते ७० केलं, पण जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. त्यामुळे १९६२पर्यंतचं सगळं तिथे कुणीही छापावं. ‘३ सीडी, ७५ गाणी’छाप संच १९६२ला येऊन कचकन थांबतात ते यामुळे. यात आवाज बरेचदा दुसऱ्याच्या सीडीवरून उचललेला, वर आवाज-शुद्धीकरणाचा मारा. टेपची फुसफुस गेली तर गेली, सोबत झांजाही जातात. अमेरिकेत उलट: १९५७पासून फेब्रुवारी १९७२च्या मध्यापर्यंतची ध्वनिमुद्रणं २०६७पर्यंत बंदिस्त.

सुई_आणि_खाच

वर कुणी मोनोचा (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज; स्टिरिओत दोन वेगळे) विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. मोटाऊनच्या संग्रहात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

१९६८च्या सुमारापर्यंत जे मिश्रण (गायन आणि वाद्यांचा तोल साधून केलेली अंतिम टेप) कान देऊन, पुन्हा पुन्हा करून पास व्हायचं, ते सिंगलचं मोनो मिश्रण. स्टिरिओ एलपीसाठी, अनेकदा नंतर, पटकन. परिणाम: गाणारी एका कानात, ड्रम दुसऱ्या कानात, मध्ये पोकळी. काही गाण्यांत तर स्टिरिओला मुख्य गायनाचं वेगळंच मुद्रण वापरलंय, किंवा शेवटचं विरत जाणं चार-पाच सेकंदांनी पुढे-मागे. सीडी आल्यावर ‘स्टिरिओ म्हणजे भारी’ या समजुतीने पहिल्या दशकातल्या बऱ्याच संग्रहांत हीच मिश्रणं गेली. ‘हिट्सव्हिल यूएसए’ (१९९२, ४ सीड्या, १०४ गाणी) या संचात सिंगलची मोनो रूपं एकत्र मिळाली. ज्याला सगळंच हवं त्याच्यासाठी ‘कम्प्लीट मोटाऊन सिंगल्स’ची मालिका आहे, १९५९ ते १९७२, १४ खंड. पण ते अभ्यासकाचं काम, रोजच्या ऐकण्याला ‘हिट्सव्हिल’ पुरे.

‘स्टिरिओ लावून मोनोचं बटण दाबलं की झालं’ असं समजू नका. दोन्ही बाजू मिसळल्या की मधोमध असलेला आवाज कडेच्या वाद्यांपेक्षा सुमारे ३ डेसिबलने वर येतो. गायिका पुढे, गिटार मागे. मूळ मोनोचा तोल असा नसतो.

फाइल खरी मोनो आहे का ते ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन मिनिटांत कळतं. गाणं उघडा, ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून स्टिरिओचे दोन मोनो करा, त्यातला एक निवडून ‘इन्व्हर्ट’ लावा, मग दोन्ही एकदम वाजवा. पूर्ण शांतता म्हणजे खरी मोनो. नुसती फुसफुस राहिली तर मोनो गाणं स्टिरिओ टेपवरून किंवा तबकडीवरून उतरवलेलं, हरकत नाही. वाद्यं ऐकू आली तर स्टिरिओ. आणि एका बाजूला नुसती खर्ज, दुसरीकडे नुसती झांज असा प्रकार दिसला तर ती साठच्या दशकातली ‘बनावट स्टिरिओ’: मोनोचीच फिल्टर लावून फाळणी. तसला संग्रह लगेच बाजूला.

खरजातला

एलपीवरच्या संग्रहांबद्दल एक इशारा. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या के-टेलसारख्या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करून एका तबकडीवर २० गाणी द्यायच्या. पैसा वसूल, आवाज बेताचा. का, ते हिशोबाने बघा. बाजूला १० गाणी म्हणजे ३० मिनिटं. ३३⅓ वेगाने ३० मिनिटांत तबकडीचे १,००० फेरे. खाच कोरायला मिळते ती त्रिज्या साधारण ८६ मिलिमीटर, म्हणजे फेऱ्याला ०.०८६ मिमी. बाजूला १८ मिनिटं ठेवली तर फेरे ६००, आणि जागा ०.१४ मिमी. खर्जाचा सूर खाचेला आडवा जास्त हलवतो, त्याला जागा लागते. जागा नाही म्हणून सगळा आवाज खाली आणायचा आणि खर्ज कापायचा. मग जेमरसन गेला, उरला कोण? शिवाय गाणी बसवण्यासाठी एखादं कडवं उडवलेलं, शेवट लवकर विरवलेला.

दुसरं, सुई आत सरकते तसा खाचेचा वेग घटतो: बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर, शेवटी २१. त्यामुळे बाजूच्या शेवटी मोठ्या आवाजाचं, झांजांनी भरलेलं गाणं फाटतं. शहाणा संकलक तिथे संथ गाणं ठेवतो. एलपी संग्रह हातात आला की बाजूची एकूण मिनिटं मोजा. २२-२३च्या पुढे गेलं की सावध.

निळी_शाई

तबकडीप्रेमी, तुमच्या मूळ मुद्द्यालाच थोडा विरोध. १९७०च्या आसपास तुमचा नियम लंगडतो. आयझॅक हेजच्या ‘हॉट बटर्ड सोल’वर (१९६९) एकूण चारच गाणी आणि त्यातलं एक १८ मिनिटांच्या वर. त्याचा तुकडा संग्रहात टाकणं म्हणजे बडा ख्याल सोडून नुसता तराणा ऐकवणं. टेम्प्टेशन्सचं ‘पापा वॉज अ रोलिन’ स्टोन’ (१९७२) अल्बमवर पावणेबारा मिनिटं, सिंगलवर सातच्या आत. गाणं सुरू होण्याआधीची ती लांबलचक बास-झांजेची वाट पाहणं हाच त्याचा जीव. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधली गाणी एकमेकांत मिसळलेली, वेगळी काढली की टोकं तुटलेली दिसतात. स्टीव्ही वंडरचे १९७२ ते १९७६चे अल्बमही तसेच.

तबकडीप्रेमी

शाई, मान्य. रेघ १९७०च्या आसपास ओढू. पण सत्तरीतही अपवाद आहेतच. अल ग्रीनचा १९७५चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घ्या: एकच निर्माता विली मिचेल, एकच रॉयल स्टुडिओ (तोही जुनं थिएटर, उतरत्या जमिनीचा), तेच हॉजेस बंधू वाजवायला. दहा गाणी, पण वाटतं एका बैठकीत झाली. १९९५च्या सीडीत ती १५ केली, तरी वीण सुटली नाही. फिलाडेल्फियाचं गणित मात्र अवघड. निर्माता थॉम बेल एकच, पण त्याचे गट तीन कंपन्यांत: डेल्फॉनिक्स फिली ग्रूव्हवर, स्टायलिस्टिक्स ॲव्हकोवर, स्पिनर्स अटलांटिकवर. त्यामुळे त्याच्या कामाचा एकसलग संग्रह परवान्यांच्या जंजाळात अडकतो. असलं काम घरीच जमवावं.

हापूस_पायरी

घरी जमवायचं तर कसं? पायऱ्या कुणी सांगेल का? मला ८० मिनिटांची एक सीडी करायचीय, गाडीसाठी. आणि तीच फोनवरही.

सुई_आणि_खाच

हापूसताई, आधी हिशोब. पावणेतीन मिनिटांची २८ गाणी म्हणजे ७७ मिनिटं. मध्ये दोन-दोन सेकंदांची फट धरली तर ५४ सेकंद. ७८च्या आत बसतं. २९व्या गाण्याचा मोह टाळा. काठोकाठ भरलेल्या सीडीची कड जुने प्लेअर नीट वाचत नाहीत.

फाइल फ्लॅक किंवा वेव (आवाज न घटवणारे प्रकार) घ्या. ९६ किलोहर्ट्झ-२४ बिट असेल तर सीडीच्या मापाची, ४४.१-१६, करावी लागेल. ते करताना ‘डिदर’ (अगदी बारीक खरखर मिसळण्याचा पर्याय) चालू ठेवा, नाहीतर गाणं विरताना शेवटच्या सेकंदांत किरकिर येते. ‘सुरुवातीची-शेवटची शांतता आपोआप कापा’ हा पर्याय बंद. तो विरत जाणारा शेवटच शांतता समजून छाटतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आवाजाची पातळी जुळवताना. लोक ‘नॉर्मलाइझ’ दाबतात. ते फक्त सर्वोच्च शिखर जुळवतं. १९६६चं मोनो गाणं आणि २००५ साली दाबून-ठोकून ‘रीमास्टर’ केलेलं गाणं, दोघांची शिखरं सारखी असूनही कानाला ६-८ डेसिबलचा फरक वाटू शकतो. त्याऐवजी फूबार या प्लेअर-प्रोग्रॅममध्ये सगळी गाणी निवडून रीप्लेगेन (कानाला जाणवणारी पातळी मोजणारं) स्कॅन करा, आणि ‘ट्रॅक’ मोड वापरा, ‘अल्बम’ नव्हे. अल्बम मोड मूळ अल्बममधला चढउतार जपतो, इथे गाणी वीस ठिकाणची आहेत. त्याचं लक्ष्य उणे १८ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं माप) असतं. सीडीसाठी थोडं वर न्यायचं तर सगळ्यांना सारखंच वर न्या, आणि एकही शिखर शून्याला टेकत नाही ना ते तपासा.

खऱ्या मोनो गाण्याची फोनसाठीची फाइल एका वाहिनीची करा. आकार जवळजवळ निम्मा, आवाजात काडीचा फरक नाही.

मंद्रसप्तक

क्रमाबद्दल दोन शब्द. सालवार लावू नका. पहिली पाच-सहा गाणी कच्ची वाटतात आणि शेवट जड होतो. एकाच कंपनीची सलग तीनपेक्षा जास्त नकोत, कारण तोच ड्रम, तोच घुमारा, कान सरावतो. डेट्रॉइटच्या दोन वेगवान गाण्यांनंतर मेम्फिसचं मागे रेललेलं एक आलं की दोघांचीही चव कळते. ओटिसचं संथ गाणं लागलं की त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरं संथ नको, मध्ये मध्यलय. आणि षड्ज बघा: लागोपाठच्या दोन गाण्यांचे षड्ज अर्ध्या स्वराने वेगळे असतील तर दुसरं बेसूर लागल्यासारखं दोन सेकंद वाटतं. फटीत एक सेकंद वाढवा किंवा क्रम बदला.

षड्ज शोधायला तानपुऱ्याचं ॲप घ्या. गंमत कळेल: बरीच गाणी दोन पट्ट्यांच्या, समजा काळी दोन आणि पांढरी तीनच्या, मधेच कुठेतरी असतात, कारण टेपचा वेग किंचित वाढवून गाण्यात चटपटीतपणा आणत. तेव्हा ‘४४०ला (४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराला) जुळत नाही’ म्हणून दुरुस्ती करू नका. दोन संग्रहांतलं एकच गाणं वेगळ्या स्वरात असेल तेव्हा मात्र एक चुकीचं. वेगात १ टक्का फरक म्हणजे १७ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), ६ टक्के म्हणजे अख्खा अर्धा स्वर.

निळी_शाई

पुन्हा पुन्हा ही गाणी नव्या पिढीपर्यंत कशी पोचतात, त्याचा एक नमुना ब्रिटनमधला. १९८५-८७मध्ये एका जीन्सच्या जाहिरातींनी जुनी सोल गाणी उचलली. मार्व्हिन गेचं ‘ग्रेपवाइन’ १९८६ साली पुन्हा खपाच्या यादीत आलं, सॅम कुकचं ‘वंडरफुल वर्ल्ड’ दुसऱ्या क्रमांकावर, आणि बेन ई. किंगचं १९६१चं ‘स्टँड बाय मी’ १९८७ साली थेट पहिलं. संकलनं इतकी खपायला लागली की जानेवारी १९८९पासून तिथे अनेक कलाकारांच्या संग्रहांची यादीच वेगळी केली, नाहीतर नेहमीच्या अल्बमांना वर जागाच उरत नव्हती. ‘नाऊ’ या गाजलेल्या गाण्यांच्या ब्रिटिश मालिकेतल्या १९८३च्या पहिल्या संग्रहाची सुरुवातही फिल कॉलिन्सने गायलेल्या सुप्रीम्सच्या जुन्या गाण्यानेच होते.

खरजातला

आणि पॉपच्या बाजूने आबा (ABBA) हा स्वीडिश गट. १९९२चं ‘आबा गोल्ड’, १९ गाणी, ब्रिटिश यादीत १,००० आठवडे पुरे करणारा पहिला अल्बम, २०२१ साली. तिथे गाण्यांचा क्रम सालवार नाही हे मंद्ररावांच्या मुद्द्याला धरूनच.

हापूस_पायरी

सगळ्यांना धन्यवाद, माझा जुना संच आता चहाच्या कपाखाली. शेवटची शंका: चोरबाजारात अमेरिकन सात इंची मिळतात त्यांना मधे मोठं भोक असतं. आपल्या प्लेअरवर चालतील का? आणि पावसाळ्याची बुरशी?

सुई_आणि_खाच

चालतील. ते भोक दीड इंची, म्हणजे ३८ मिमी. प्लास्टिकचा अडॅप्टर मिळतो, बसवताना घट्ट आहे ना ते बघा. सैल असेल तर तबकडी केंद्रातून सरकते आणि लांब स्वर दर फेऱ्याला वर-खाली डुलतो. संथ गाण्यात लगेच कळतं. वेगाचं बटण ४५वर, सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिला असेल तो, बहुतेक दीड ते अडीच ग्रॅमच्या मधे. ॲम्प्लिफायरला मोनो बटण असेल तर मोनो सिंगलला ते जरूर दाबा: मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, उभी हालचाल म्हणजे नुसती घाण, ती यात कटते.

घेण्याआधी तबकडी बोटाने हलकेच टिचकवून बघा. टणक ‘टिक्’ असा आवाज आला आणि लेबल चिकटवलेलं दिसलं तर ती व्हायनलची नाही, स्टायरीनची. अमेरिकेत अशा खूप निघाल्या. त्या बोथट किंवा जड सुईने लवकर झिजतात, आणि झीज डोळ्यांना दिसत नाही. चकाकते पण फुसफुसते. सुरुवातीच्या खाचेवर राखाडी पट्टा असेल तर कुणीतरी हाताने मागे-पुढे फिरवून गाणं लावलेलं आहे, सोडून द्या.

बुरशीला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल भिजू देऊ नका. लाखेच्या ७८च्या तबकड्या सोबत मिळाल्या तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. कागदी आतलं पाकीट ओलसर वास मारत असेल तर फेकून नवं घाला, नाहीतर धुतलेल्या तबकडीवर पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.